अडीनडीची बाटली

राज्यावर संकट आलंय. ड्रॅगनलॉर्डने प्रकाशाचा गोळा चोरून नेलाय, राजकन्येलाही पळवलंय, आणि हे सगळं निस्तरायला एका अनोळखी तरुणाला दरबारात उभं केलंय. आता सगळी भिस्त तुझ्यावर, असं राजेसाहेब गंभीर चेहऱ्याने सांगतात आणि खर्चाला 120 सोन्याची नाणी काढून देतात. तरुण बाजारात येतो. तांब्याची तलवार 180 ला. तिचा विचारच सोडायचा. सोटा 60 ला आणि कातड्याचं चिलखत 70 ला. दोन्ही घ्यावं म्हटलं तर बरोबर दहा नाणी कमी पडतात. दुकानदार उधारी ठेवत नाही. जगाच्या तारणहाराला तर नाहीच नाही, कारण परत येण्याची खात्री कोणी द्यायची?

1986 साली जपानमध्ये आलेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या व्हिडिओ गेमची ही सुरुवात. आणखी दहा नाणी द्यायला राजाचं काय जात होतं, असं खेळणाऱ्याच्या मनात येतंच. पण युजी होरी या गेमच्या कर्त्याने सगळी मेख त्या दहा नाण्यांतच मारून ठेवली आहे. नाणी कमी पडतात म्हणून आपला वीर वेशीबाहेर जातो, तिथे उड्या मारणाऱ्या निळ्या स्लाइमना काठीने बडवतो आणि एकेक-दोनदोन नाणी गोळा करतो. पुरेशी साठली की सोटा, मग तांब्याची तलवार, मग कुऱ्हाड. राजकन्या तिकडे गुहेत आहे, हे त्याला ठाऊक असतं. पण गुहेत जायचं तर बरं चिलखत नको का?

गेली कित्येक वर्षं मी या जातीचे गेम खेळतो आहे. त्यांत तलवारी असतात, राक्षस असतात, जादू असते, आणि लोक समजतात की आम्ही मंडळी लढाईसाठी वेडे झालो आहोत. लढाई होतेही, नाही असं नाही. पण खेळण्याच्या वेळाचा प्रामाणिक हिशेब मांडला तर बराचसा वेळ लढाईच्या तयारीत जातो. तलवारीला धार लावणं, चिलखत मजबूत करणं, औषधाच्या बाटल्या भरून ठेवणं. मला तर आता असा दाट संशय येतो की लढाई हे तयारी करण्याचं एक निमित्त आहे.

तयारी करायला वेळ लागतो आणि तो वेळ या खेळांत कोण देतं, तर खलनायक. त्याच्याइतका समजूतदार माणूस तिथे दुसरा नाही. 2011 च्या ‘स्कायरिम’मध्ये आल्डुइन नावाचा ड्रॅगन जग गिळायला परत आलेला असतो. ज्याच्या रक्तात ड्रॅगनचा अंश आहे असा नायक, म्हणजे आपण, तेवढा त्याला थोपवू शकतो. आता अशा वेळी माणसाने काय करावं? निळी डोंगरी फुलं तोडावीत. ती गव्हाबरोबर खलली की जखमा भरून काढणारं औषध होतं. फुलपाखरं पकडून त्यांचे पंख पिशवीत टाकावेत. दिसेल ती वनस्पती तोंडात घालून बघावी, कारण प्रत्येकीत चार गुण दडलेले असतात आणि चाखल्याशिवाय त्यातला पहिला कळत नाही. आल्डुइन थांबतो. वर्षभर औषधी वनस्पती गोळा केल्या तरी तो जगाचा एक घासही घेत नाही.

एकदा आई मागे येऊन उभी राहिली.

“काय चाललंय?”

“जग वाचवतोय.”

“फुलपाखरं पकडून?”

“औषधाला लागतात गं.”

“मग वाचव. पण जेवून घे आधी.”

तिला खेळ कळला नव्हता असं मी म्हणणार नाही. खेळाचा क्रम तिने बरोबर पकडला होता. आधी पोटापाण्याची सोय, मग जग.

या सगळ्याचं मूळ कॉम्प्युटरच्याही आधीचं आहे. 1974 मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून, फासे टाकून खेळायचा खेळ काढला. जादूची तलवार ही त्याआधीही कथांमधून भरपूर होती. तिचं तेज, तिचा इतिहास, तिला मिळालेला वर किंवा शाप यांची वर्णनं होती. या खेळाने तिच्यापुढे एक आकडा लावला. प्लस वन. म्हणजे फाशावर जे दान पडेल त्यात एक मिळवायचा. वीस बाजूंच्या फाशावर हा एक म्हणजे शेकडा पाच. कित्येक पिढ्यांच्या कवींना जे सांगायला पानंच्या पानं लागली, ते एका बेरजेत बसलं. रोमांच थोडा कमी झाला असेल. पण त्या दिवसापासून तलवार वाढवता येऊ लागली, कारण एकानंतर दोन येतात हे सगळ्यांना ठाऊक असतं.

औषधांचंही असंच. 1980 च्या सुमारास मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या कॅलिफोर्नियातल्या दोन विद्यार्थ्यांनी ‘रोग’ नावाचा गेम लिहिला. त्यात चित्रं नव्हती. पडद्यावरची अक्षरं आणि चिन्हं हेच सगळं जग. भुयारात तुम्हाला बाटली सापडायची आणि तिच्याबद्दल फक्त रंग कळायचा. प्यायल्यावर जखम भरेल, बळ वाढेल, की डोळ्यांपुढे अंधार होईल हे आधी कळायला मार्ग नाही. बरं, एकदा शिकलं आणि झालं असंही नाही. नव्या डावात रंग नव्याने वाटले जात. मागच्या जन्मीची निळी बाटली या जन्मी विष निघायची. अनुभवाने शहाणं होण्याची सोयच नव्हती. पुढच्या गेमांनी बाटल्यांवर नावं घातली तेव्हा खेळणाऱ्याचा जीव भांड्यात पडला आणि साठेबाजीचं युग सुरू झालं.

आता लोहाराकडे येऊ. ‘स्कायरिम’मध्ये गावोगावी लोहार आहेत आणि त्यांच्या दारातली भट्टी, ऐरण, धार लावायचं चाक आपल्यालाही वापरू देतात. लोखंडाची एक लगड आणि कातड्याची एक पट्टी घेतली की खंजीर तयार होतो. सुरुवातीला त्या गेममध्ये काहीही घडवलं तरी कौशल्य जवळजवळ सारखंच वाढायचं. झालं! ज्याच्या आरोळीने पहाड हादरावेत असे लक्षावधी नायक ऐरणीपाशी बसले आणि लोखंडी खंजिरांचा कारखाना काढला. खंजीर घ्यायला कोणी नव्हतं, ते स्वतःलाही नको होते, पण आकडा वर सरकत होता. शेवटी 2012 मध्ये कर्त्यांनी नियम बदलला. वस्तू जितकी मोलाची तितकी विद्या जास्त. खंजिरांचा बाजार बसला आणि सगळे सोन्याच्या अंगठ्या घडवायला लागले. लोहारकाम सोडून सोनारकाम. ड्रॅगन अर्थातच वाट बघत होता.

काही जण त्याहून पुढे गेले. या गेममध्ये औषध करण्याचं कसब वाढवणारी आभूषणं असतात, आणि मंत्रांची शक्ती वाढवणारं एक औषध असतं. ते औषध प्यायलं आणि आभूषणं काढून पुन्हा घातली, की आभूषणांचा गुण वाढतो. वाढलेल्या गुणाने तेच औषध पुन्हा केलं की औषध आणखी कडक होतं. ते पिऊन आभूषणं पुन्हा घातली की… असं करत करत आकडे इतके फुगतात की गेमलाच ते पेलवत नाहीत. अशा माणसाची तलवार कशालाही एका फटक्यात आडवं करते. मग त्याच्याकडे करायला काही उरत नाही आणि तो दुसरा गेम घेतो. अमरत्वाची कंटाळवाणी बाजू यापेक्षा लवकर कोणालाही कळली नसेल.

तयारी पुरेशी झाली, असं मात्र सहसा वाटत नाही. त्याला कारणही आहे. ‘स्कायरिम’च्या आधीचा, 2006 चा ‘ऑब्लिव्हियन’ बघा. त्यात आपण जसजसे बलवान होतो तसतसं सारं जगही बलवान होत जातं. सुरुवातीला वाटेत भेटणारे चोर फाटक्या चिलखतात असतात. काही दिवसांनी तेच चोर ग्लास आर्मर नावाच्या हिरव्या, डोळे दिपवणाऱ्या महागड्या चिलखतात भेटतात. असा एखादा वाटमाऱ्या आडवा येतो, तलवार उगारतो आणि मागतो किती? 100 नाणी. अंगावरचं नुसतं शिरस्त्राण विकलं असतं तरी त्याला हा धंदा सोडून देता आला असता. त्याला मारून ते चिलखत आपण घेतो, आणखी बलवान होतो, आणि पुढच्या वळणावर त्याचा भाऊबंद त्याहून भारी पोशाखात उभा असतो. पगारवाढ आणि महागाई यांचं नातं ज्यांना अर्थशास्त्राच्या पुस्तकातून कळलं नाही, त्यांना ते या रस्त्यावर नीट कळतं.

मग एवढं करून हे कशासाठी, असा प्रश्न पडतो. त्याचं उत्तर मला नायकांपेक्षा लोहारांनी जास्त चांगलं दिलं आहे.

‘द विचर 3’ हा 2015 चा पोलिश गेम. त्यातला गेराल्ट पाठीवर दोन तलवारी बाळगतो, पोलादाची माणसांसाठी आणि चांदीची राक्षसांसाठी. दोन्ही वाढवायच्या तर कारागीर शोधावा लागतो. क्रोज पर्च नावाच्या गढीत फर्गस या बुटक्यांच्या जमातीतल्या लोहाराचं दुकान आहे आणि त्याच्या हाताखाली योआना नावाची बाई काम करते. सगळ्या मागण्या फर्गसकडे येतात, कारण धातूकाम करावं तर त्याच्या जमातीनेच, अशी लोकांची पक्की समजूत. खरी कारागीर योआना असते. गढीत चिलखतं तिच्या हातची निघतात आणि नाव फर्गसचं होतं. नोव्हिग्राड शहरात हट्टोरी नावाचा आणखी एक जण भेटतो. एकेकाळचा तलवारींचा उस्ताद. शहरातल्या गुंडांनी मालाच्या वाटा अडवून ठेवल्यामुळे भट्टी थंडावली, आणि आता तो पिठाच्या पाऱ्या लाटून, त्यांत सारण भरून डम्पलिंग विकतो. आपण जातो फक्त एका चिलखतासाठी, एका तलवारीसाठी. पण ते चिलखत मिळायचं तर आधी योआनाचं नाव तिला परत मिळवून द्यावं लागतं, आणि ती तलवार मिळायची तर हट्टोरीला पिठातून उचलून पुन्हा ऐरणीपाशी बसवावं लागतं. प्लस वनच्या पाठी धावताना एखाद्याची रोजीरोटी आपल्या हातून सुधारते, हे या गेमने मोठ्या युक्तीने साधलं आहे.

या सगळ्यांत मला जवळचा वाटतो तो ‘एल्डन रिंग’मधला ह्यूग. 2022 चा हा गेम अवघडपणासाठी नावाजलेला. ह्यूग साखळीने बांधलेला कैदी. देवाला मारू शकेल असं शस्त्र घडवायचं, असं काम राणी मारिकाने त्याला नेमून दिलेलं आहे. आपण त्याला दगड आणून द्यायचे, तो हातोडा घालायचा, आणि साधी तलवार एकेक पायरी चढत प्लस पंचवीसपर्यंत न्यायची. गेमच्या शेवटाकडे सगळं कोसळायला लागतं, आग लागते, आणि ह्यूगची स्मृती जायला लागते. आपण कोण, समोरचा कोण, हेही त्याला आठवेनासं होतं. हात मात्र चालत राहतात. देवावर वार करायला तो जाणार नसतो. तो वार कसा झाला हे त्याला बघायलाही मिळणार नसतं. त्याच्या वाट्याला सगळी तयारीच आली आणि ती त्याने शेवटपर्यंत चोख केली. शेवटच्या राक्षसाला मारल्यावर नाव आपलं होतं. पण मला विचाराल तर त्या गेममध्ये काम एकानेच केलं.

असे लोहार सगळीकडे मिळत नाहीत. काही गेमांत भट्टीवर नशिबाचं राज्य असतं. ‘रॅग्नारोक ऑनलाइन’ या कोरियन गेमच्या प्रॉन्टेरा शहरात होलग्रेहेन नावाचा कारागीर बसायचा. चिलखत प्लस चारपर्यंत तो बिनधोक वाढवून द्यायचा. पुढे मात्र जुगार. जमलं तर जमलं, नाहीतर चिलखत कायमचं मोडून गेलं. पैसे गेले ते वेगळेच. मग लोक ठरावीक वेळ गाठत, ठरावीक जागी उभे राहत, आधी कोणीतरी मोडून घेतलं की आपला नंबर लावत. नशिबाला चकवायचे उपाय माणसाने घरी आणि देवळात जेवढे शोधले, तेवढेच तिथेही शोधले.

तोवर ते निदान खेळातलं दैव होतं. पुढे काही कंपन्यांनी हे दैव खऱ्या पैशांत विकायला काढलं. ‘मेपलस्टोरी’ या गेममध्ये शस्त्रांचे सुप्त गुण बदलणारे ‘क्यूब’ विकत मिळायचे. हव्याशा गुणांची शक्यता कंपनीने न सांगता कमी केली, काही जोड्या तर मिळणंच अशक्य करून ठेवलं, असं ठरवून दक्षिण कोरियाच्या व्यापार आयोगाने जानेवारी 2024 मध्ये नेक्सॉन कंपनीला सुमारे 1,160 कोटी वॉनचा दंड केला. त्याच वर्षी मार्चपासून शक्यतेचे आकडे उघड करणं तिथे कायद्याने सक्तीचं झालं. तलवार मोडण्याचं दुःख आम्ही सोसलं असतं. ज्या भट्टीतून तलवार निघणारच नव्हती, तिच्यासमोर उभं करून पैसे घेणं हे काही सोसण्यासारखं नव्हतं. तयारी करणाऱ्या माणसाचा एका गोष्टीवर विश्वास असतो. आज घातलेला घाव उद्या दिसेल. तो विश्वासच मोडून खाल्ला की खेळ राहत नाही.

शेवटी बाटल्यांकडे यायलाच हवं, कारण माझा स्वभाव तिथे उघडा पडतो. ‘फायनल फँटसी’च्या मालिकेत एलिक्सर नावाचं औषध असतं. मरणाच्या दारातला माणूस एका घोटात ठणठणीत होतो. हे सहसा पैशांनी मिळत नाही, कुठल्यातरी कोपऱ्यातल्या पेटीत एखादं सापडतं. मिळालं की आपण ते अडीनडीला म्हणून ठेवून देतो. पुढे अडी येते, नडीही येते, पण ही काही तेवढी मोठी नाही, असं वाटून आपण साध्या औषधांवर निभावतो. एकदा तर सगळे मरतात. तरी बाटली निघत नाही. मागचं सेव्ह उघडून पुन्हा सुरुवात होते. गेम संपतो तेव्हा झोळीत सगळी एलिक्सरं जशीच्या तशी असतात. कपाटात पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबश्यांचा सेट आठवा. ज्यांच्यासाठी तो काढावा अशा तोलामोलाचे पाहुणे कधी आले होते?

गेम बनवणाऱ्यांना हा रोग ठाऊक आहे आणि त्यांनी त्यावर इलाजही काढलेत. ‘डार्क सोल्स’मध्ये एस्टसची बाटली शेकोटीपाशी टेकलं की आपोआप भरते. साठवून ठेवण्यात अर्थच नाही, म्हणून माणूस निमूट पितो. ‘विचर 3’मध्ये औषध एकदाच बनवायचं. पुढे ध्यानाला बसलं की झोळीतली एक कडक दारू खर्ची पडते आणि सगळ्या कुप्या पुन्हा भरतात. ध्यान आणि दारू यांचा इतका सरळ मेळ मी दुसरीकडे पाहिलेला नाही. शिवाय अंगात विष साठत असल्यामुळे एका दमात फार पिता येत नाही, हेही बरंच. दोन्ही ठिकाणी मी तंदुरुस्त राहतो, लढाया जिंकतो, आणि तरी काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. जपून ठेवायला काही नाही.

म्हणून मी माझ्या परीने असा निष्कर्ष काढला आहे की न उघडलेली बाटली वाया जात नसते. ती झोळीत होती म्हणून तर मी त्या अंधाऱ्या किल्ल्यात शिरलो. ती प्यायलो असतो तर एकदा उपयोग झाला असता. प्यायलो नाही म्हणून प्रत्येक दारापाशी झाला.

हे पटत नसेल त्यांनी ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ हा 2017 चा झेल्डा गेम पाहावा. तिथे चार पऱ्या आपलं चिलखत चार पायऱ्यांनी वाढवून देतात, आणि त्यासाठी रानोमाळ हिंडून किडे, शेपट्या, शिंगं असा काहीबाही ऐवज जमवावा लागतो. गॅनन हा खलनायक राजवाड्यात तळ ठोकून बसलेला असतो आणि राजकन्या शंभर वर्षं त्याला एकटीने रोखून धरत असते. आपण शेवटी जातो, गॅननला मारतो, राजकन्या सुटते, नावांची यादी सरकते. मग गेम पुन्हा उघडावा, तर आपल्या सेव्हवर एक चांदणी उमटलेली असते आणि आपण पुन्हा लढाईच्या आधीच्या क्षणी उभे असतो. गॅनन जिवंत, राजकन्या अडकलेली. विजयानंतरचं राज्य हिंडायला मिळतच नाही. ते तिथे बनवलेलंच नाही.

पहिल्यांदा याचा राग येतो. नंतर पटतं की कर्त्यांनी आम्हाला नीट ओळखलं आहे. वाचलेल्या जगात आम्ही काय करणार होतो? सत्कार किती वेळ घेणार? धार लावलेल्या तलवारीला तिथे काम नाही आणि भरलेल्या बाटलीला अर्थ नाही. म्हणून त्यांनी आम्हाला ज्यात खरा रस आहे तिथेच नेऊन सोडलं. तेव्हा घरात कोणी विचारलं, “संपला का एकदाचा तो गेम?”, तर ओशाळायचं कारण नाही. जिंकून झालंय, पण चिलखताची एक पायरी अजून राहिलीय, असं खुशाल सांगावं.